भयकथा

भयकथा : वाचकाच्या वा श्रोत्याच्या मनात भय ही भावना हेतुपूर्वक जागृत करणारा आणि तीच कथेचा प्रधान परिणाम मानणारा कथाप्रकार. भूतकथा, पिशाचकथा, गूढकथा व रहस्यकथा हे तिचे निकटवर्ती प्रकार होत. मात्र त्यांच्याशी ती एकरूप नाही. भूतकथेत भूत असते, पण भय असेलच असे नाही. विनोदी भूतकथा हे त्याचे उदाहरण. रहस्यकथेतील कोडे शेवटी उकलते व वाचकाची उत्सुकता शमते. भयकथेत उकल झाली, तरी अस्वस्थता उरते. गूढकथा अनाकलनीयाचा अनुभव देते. तो अनुभव भयाचा असेलच असे नाही. ह्या सर्वांतून भयकथेला वेगळे काढणारी गोष्ट म्हणजे तिचा परिणाम होय, तिची सामग्री नव्हे. कवट्या, स्मशाने, वटवाघळे, अमावास्या ह्यांची जंत्री म्हणजे भयकथा नव्हे.

त्यामुळेच ह्या प्रकाराच्या समीक्षेत एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. भय निर्माण करणे फारसे कठीण नाही. अंधारात अचानक कोणी खांद्यावर हात ठेवला, तरी माणूस दचकतो. मग सकस भयकथा व केवळ दचकविणारी कथा ह्यांतील भेद कोणता? खानदेशातील म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार ह्या जिल्ह्यांतील मौखिक परंपरा, तेथील लोकजीवन आणि मराठीतील लिखित व चित्रपटीय भयकथा ह्यांच्या आधारे ह्या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

शास्त्रीय भूमिका : भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक हा एक रस मानला असून भय हा त्याचा स्थायीभाव आहे. विकृत ध्वनी, विलक्षण प्राण्यांचे दर्शन, युद्ध, अरण्य, ओस घरात जाणे, तसेच गुरू किंवा राजा ह्यांचा अपराध करणे ही त्याची कारणे भरताने सांगितली आहेत. ह्या यादीतील शेवटचे कारण इतरांहून भिन्न जातीचे आहे. आवाज, अरण्य व ओस घर ही भयाची बाह्य स्थाने होत; अपराध हे आंतरिक स्थान होय. भरताने भयानकाचे तीन प्रकारही कल्पिले आहेत : व्याजजन्य म्हणजे बतावणीचे, अपराधजन्य म्हणजे स्वतःच्या कृत्यातून उद्भवणारे आणि वित्रासितक म्हणजे धाक वा दचका बसल्याने उत्पन्न होणारे. हे वर्गीकरण रंगभूमीवरील पात्रांच्या भयाचे आहे, वाचकाच्या भयाचे नव्हे. तथापि आजच्या भयकथेची प्रतवारी करण्यास ते विलक्षण उपयोगी पडते. हलक्या दर्जाच्या भयकथेचा सारा भर वित्रासितकावर असतो, तर श्रेष्ठ भयकथा बहुधा अपराधजन्य भयाकडे वळते. व्याजजन्य भयाचे ठिकाणही ह्या प्रकारात कमी नाही. बतावणी म्हणून सुरू झालेली गोष्ट खरी ठरत जाणे ही भयकथेची एक जुनी व यशस्वी रचना आहे.

भयानकाच्या शेजारी भरताने बीभत्स हा स्वतंत्र रस मांडला असून जुगुप्सा म्हणजे किळस हा त्याचा स्थायीभाव होय. ही विभागणी महत्त्वाची आहे. रक्त, पू, किडे व कुजलेली शरीरे ह्यांच्या वर्णनाने वाचक शहारतो, पण ते शहारणे किळसेचे असते. किळस आलेला माणूस तोंड फिरवितो. भ्यालेला माणूस मात्र ज्याची भीती वाटते त्यावरून नजर काढू शकत नाही. सामान्य लेखक ह्या दोन भावनांची गल्लत करतो आणि भय कमी पडू लागले, की बीभत्साची मात्रा वाढवितो.

अभिनवगुप्ताने (सु. दहावे–अकरावे शतक) रसास्वादाची प्रक्रिया विशद करताना अभिज्ञानशाकुंतलाच्या पहिल्या अंकातील, दुष्यंताच्या बाणापुढे धावणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. प्रेक्षकास जे भय प्रतीत होते, ते त्या विशिष्ट हरिणाचेही नसते व प्रेक्षकाचे स्वतःचेही नसते. देश, काल व व्यक्ती ह्यांच्या मर्यादांतून सुटून ते निखळ भय म्हणून आस्वादास येते. ह्या मीमांसेवरून प्रत्यक्ष संकटाचे भय व कलेतील भय ह्यांतील सीमारेषा स्पष्ट होते. २०१७ मध्ये चाळीसगाव तालुक्यात गिरणा खोऱ्यातील गावांवर नरभक्षक बिबट्याची दहशत पसरली होती. कापूस वेचण्यास जाणाऱ्या मजुरांना वाटणाऱ्या त्या भीतीत आस्वादास जागा नव्हती; तिला फक्त उपाय हवा होता. कथेतील भयाला उपाय नको असतो, अर्थ हवा असतो.

पाश्चात्त्य विचार : इंग्रजीत हॉरेस वॉल्पोल ह्याच्या द कॅसल ऑफ ओट्रँटो (१७६४) ह्या कादंबरीपासून ‘गॉथिक’ नावाने ओळखली जाणारी परंपरा सुरू झाली. ह्याच परंपरेतील कादंबरीकर्त्री ॲन रॅडक्लिफ हिने तिच्या मृत्यूनंतर १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात दोन प्रकारच्या भयांत भेद केला. एक भय अस्पष्टतेवर पोसते व मनाच्या शक्ती जागृत करते. दुसरे समोर उभ्या ठाकलेल्या भीषणाचे असून ते मनाला गोठवून टाकते. सिग्मंड फ्रॉइड ह्याने १९१९ मधील निबंधात परिचित गोष्टच जेव्हा अनोळखी होऊन परतते, तेव्हा सर्वांत खोल भय वाटते, असे प्रतिपादन केले. त्स्व्हेतान तोदोरोव्ह ह्याने १९७० मध्ये ह्या साहित्याचे मर्म वाचकाच्या द्विधा मनःस्थितीत असल्याचे सांगितले : घडले ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक, हा निर्णय जोवर लांबणीवर पडतो, तोवर त्याची पकड टिकते. हेन्री जेम्स ह्याच्या द टर्न ऑफ द स्क्रू (१८९८) ह्या दीर्घकथेत दोन मुलांना सांभाळणाऱ्या शिक्षिकेस दिसणारी भुते खरी की तिच्या मनाची, हे शेवटपर्यंत ठरत नाही. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्झ ह्याच्या द मंकीज पॉ (१९०२) ह्या कथेत मृत मुलाला परत आणण्याची इच्छा व्यक्त केल्यावर रात्री दारावर थाप पडते. दाराबाहेर काय होते, हे वाचकाला कधीच दाखविले जात नाही. ते न दाखविण्यातच कथेचे सामर्थ्य आहे. मात्र येथेही खरे भय थापेचे नाही. मृत मुलाला परत मागणारी आई आणि त्याच मुलाला दाराबाहेर ठेवू पाहणारा बाप ह्या दोघांच्या मनांतील ओढाताणीचे ते भय आहे.

खानदेशातील मौखिक परंपरा : तापी, गिरणा व पांझरा ह्या नद्यांचा हा प्रदेश उत्तरेस सातपुड्याने बंदिस्त केला आहे. अहिराणी, लेवा, भिली व पावरी ह्या बोलींतून येथील लोकसाहित्य प्रवाही राहिले. मुंजा, हडळ, वेताळ, चकवा, साती आसरा ही महाराष्ट्रात अन्यत्रही आढळणारी नावे येथेही आहेत. परंतु त्यांना प्राप्त झालेली पार्श्वभूमी वेगळी आहे. कोकणातील भूतकथेला दाट झाडी, पाऊस व वाट न दिसणारी पाणंद लाभते. खानदेशातील भयाला आडोसा नाही. काळ्या जमिनीची सपाट रानभूल, दुपारची ओस शिवारे, उन्हाळ्यात कोरडे पडलेले नदीपात्र आणि रात्री पिकाला पाणी देण्यासाठी एकट्याने केलेला मुक्काम, हे येथील भयाचे नैसर्गिक नेपथ्य होय. जेथे दूरवर दिसते, तेथे काही न दिसणे हेच भयप्रद ठरते. चकव्याची कल्पना ह्या भूमीला विशेष शोभून दिसते. चकवा म्हणजे अंगावर येणारे भूत नव्हे. माणूस आपल्याच शेतात, रोजच्या बांधावर रात्रभर फिरत राहतो आणि उजाडल्यावर मूळ जागीच उभा असतो, एवढीच ती गोष्ट. परिचिताचे अपरिचित होणे हे फ्रॉइडने सांगितलेले तत्त्व ह्या साध्या समजुतीत पूर्णपणे साकार झाले आहे.

ह्या परंपरेतील सर्वांत अर्थघन उदाहरण अश्वत्थाम्याचे आहे. नंदुरबार जिल्ह्यातील (१ जुलै १९९८ पूर्वी धुळे जिल्हा) अस्तंभा हे सु. १,३२५ मी. उंचीचे सातपुड्यातील शिखर अश्वत्थाम्याचे स्थान मानले जाते आणि धनत्रयोदशीच्या सुमारास तेथे यात्रा भरते. बऱ्हाणपूरजवळील, पूर्वीच्या खानदेश सुभ्याशी निगडित असलेल्या असीरगड किल्ल्याविषयीही अशीच श्रद्धा आहे. चिरंजीव अश्वत्थामा डोंगरात भटकतो, भेटेल त्याच्याजवळ कपाळावरील जखमेसाठी तेल मागतो, अशी ही कथा. महाभारताच्या सौप्तिकपर्वात ह्याच अश्वत्थाम्याने निद्रिस्त सैन्याची व द्रौपदीच्या पुत्रांची रात्री कत्तल केली. त्याच्या मस्तकावरील मणी काढून घेण्यात आला आणि तीन हजार वर्षे एकाकी भटकण्याचा शाप त्याला मिळाला.

कथनदृष्ट्या ह्या लोककथेत पुढील गोष्टी लक्षणीय आहेत. तीत आरडाओरडा नाही, पाठलाग नाही, मृत्यूही नाही. भटक्या केवळ थोडे तेल मागतो. मागणी जितकी क्षुल्लक, तितकी तिच्यामागील यातना मोठी वाटते. कारण इतक्या काळात जी जखम भरली नाही, ती ओंजळभर तेलाने भरणार नाही, हे मागणाऱ्यासही ठाऊक आहे आणि देणाऱ्यासही. ज्याने रात्रीच्या अंधारात झोपलेल्यांना मारले, तोच आता रात्रीच्या अंधारात दाराशी याचक होऊन उभा आहे. भय व करुणा येथे एकाच क्षणी उत्पन्न होतात. भरताने निर्देशिलेले अपराधजन्य भय ते हेच. फरक इतकाच, की अपराध्याचे भय ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचले आहे. ह्या कथेत अश्वत्थाम्याला लांब दात, लाल डोळे व गडगडाटी हास्य दिले, तर ती तत्काळ नष्ट होईल.

लिखित साहित्यात ह्या भूमीचे भयाशी असलेले नाते बालकवींच्या कवितेत दिसते. जळगाव जिल्ह्यातील धरणगाव येथे जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे ऊर्फ बालकवी (१८९०–१९१८) हे निसर्गाच्या आनंदाचे कवी म्हणून ख्यातनाम आहेत. परंतु त्यांची ‘खेड्यातील रात्र’ ही कविता वेगळ्या कोटीतील आहे. पडका बुरूज, ओसाड देऊळ, वडाचा पार आणि त्यांवर दाटणारा अंधार ह्यांतून ती एका खेड्याची रात्र उभी करते. तीत घटना जवळजवळ नाही. एकेक वस्तू क्रमाने समोर येते आणि तिच्यातील मानवी वस्तीची ऊब निघून गेल्याचे जाणवते. वातावरण हे भयाचे सजावटीचे साधन नसून स्वतःच भयाचा आशय कसे होते, ह्याचा हा नमुना होय. भयकथाकारांनी वातावरणाचे वर्णन कथेच्या आरंभी एक परिच्छेद लिहून संपविण्याची जी रूढी पाडली, तिच्याशी हिची तुलना केल्यास दोहोंतील अंतर स्पष्ट होते.

आधुनिक मराठी भयकथा : विसाव्या शतकाच्या मध्यास अनंत अंतरकर (१९११–६६) ह्यांच्या हंस, मोहिनी व नवल ह्या मासिकांनी गूढ, अद्भुत व भयप्रद कथांना हक्काचे स्थान दिले. पुढे दिवाळी अंक व फिरती वाचनालये ह्यांमुळे हे साहित्य लहान गावांपर्यंत गेले. ह्या प्रकाराला स्वतंत्र वाचकवर्ग मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने नारायण धारप (१९२५–२००८) व रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) ह्यांना दिले जाते.

धारप ह्यांचे लेखन विपुल आहे. साध्या, वेगवान निवेदनातून वाचकास अतींद्रिय जगात नेण्याची त्यांची हातोटी असामान्य होती. अमेरिकन लेखक स्टीव्हन किंग ह्याच्या सेलम्स लॉट (१९७५) ह्या कादंबरीवर बेतलेली लुचाई ही त्यांची विशेष वाचली गेलेली कादंबरी. परक्या कल्पनेचे मराठी मातीत रोपण करताना तपशील बदलणे पुरेसे नसते. भीती वाटण्याची कारणे बदलावी लागतात, ह्याचे भान त्यांना बहुतेक वेळा असे. त्यांच्या ‘समर्थ’ ह्या सिद्धपुरुषाच्या कथा अत्यंत लोकप्रिय झाल्या. पण भयकथेच्या निकषावर त्या दुय्यम ठरतात. समर्थ कथेत आले, की दुष्ट शक्तीचा पराभव निश्चित होतो आणि भयाची जागा दिलासा घेतो. हा दिलासाही वाचकाची एक खरी गरज भागवितो, हे नाकारता येत नाही. तथापि जेथे कोणी समर्थ येत नाहीत व सामान्य माणसास आपल्या भयाशी एकट्यानेच झुंजावे लागते, तेथेच धारप ह्यांची लेखणी अधिक खोलवर जाते.

मतकरी ह्यांनी आपल्या कथांसाठी ‘गूढकथा’ ही संज्ञा पसंत केली. गहिरे पाणी, खेकडा, मध्यरात्रीचे पडघम, कबंध, निजधाम इ. त्यांचे कथासंग्रह प्रसिद्ध आहेत. शहरी मध्यमवर्गीय घर, नातेसंबंधांतील दबलेला द्वेष, असूया व अपराधभाव ह्यांतून त्यांचे भय उगवते. अतिनैसर्गिक घटना त्यांच्याकडे बहुधा मनातील विकृतीची परिणती म्हणून येते. नाटककाराची संवादावरील पकड व शेवटची कलाटणी हे त्यांच्या कथांचे बलस्थान होय. मात्र कलाटणी हेच साध्य झाले, की कथा एका वाचनात संपते. शेवट माहीत असूनही जी कथा दुसऱ्यांदा वाचताना अधिक अस्वस्थ करते, ती श्रेष्ठ, ही कसोटी त्यांच्या कथांना लावल्यास त्यांतील उत्तम कथा व केवळ चतुर कथा वेगळ्या करता येतात.

भयकथाकार म्हणून न ओळखल्या जाणाऱ्या लेखकांनीही ह्या भावनेचे गंभीर आविष्कार केले आहेत. चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०–७६) ह्यांच्या कोंडुरा (१९६६) ह्या कादंबरीत दैवी वरदान हेच माणसाच्या विनाशाचे कारण होते. जी. ए. कुलकर्णी (१९२३–८७) ह्यांच्या कथांतील नियतीचे दर्शन भुतांविनाही भयचकित करणारे आहे. भय हा साहित्याचा हलका विषय नसून त्याची हाताळणी हलकी असू शकते, हे ह्या लेखकांवरून सिद्ध होते.

चित्रपट : ध्वनी व प्रतिमा ह्यांच्या साहाय्याने दचकविणे चित्रपटाला अत्यंत सुलभ आहे. शांतता, मग एकाएकी कर्कश ध्वनी व पडद्यावर झेपावणारा चेहरा ही क्लृप्ती प्रेक्षकाच्या शरीरावर परिणाम करते, मनावर नव्हे. ती अनैच्छिक प्रतिक्षेपाला आवाहन करते. म्हणूनच ती कधी फसत नाही आणि कधी लक्षातही राहत नाही. ह्या पार्श्वभूमीवर दोन चित्रपट उल्लेखनीय आहेत. राही अनिल बर्वे दिग्दर्शित तुंबाड (२०१८) ह्या हिंदी चित्रपटाला नारायण धारप ह्यांच्या ‘आजी’ ह्या कथेची प्रेरणा लाभली. ती कथा स्टीव्हन किंगच्या ‘ग्रॅमा’ (१९८४) ह्या कथेवर आधारलेली होती. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे ह्यांच्या तुंबाडचे खोत (१९८७) ह्या कादंबरीवरून घेतले आहे. चित्रपटात भयाचे केंद्र राक्षस नसून लोभ आहे. पिढ्यान् पिढ्या त्याच विहिरीत उतरणारी माणसे धोका न कळल्यामुळे नव्हे, तर कळूनही उतरतात.

विशाल फुरिया दिग्दर्शित लपाछपी (२०१७) हा मराठी चित्रपट गरोदर स्त्री, उसाचे शेत व त्यातील लहान मुलांचे आवाज ह्यांतून स्त्रीभ्रूणहत्येच्या विषयाकडे जातो. त्यातील काही दृश्ये दचकविण्याच्या रूढ तंत्राला वश झाली आहेत. तरीही त्याचे भय चित्रपटगृहाबाहेर टिकते. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्यात ० ते ६ वर्षे वयोगटात दर १,००० मुलांमागे ८४२ मुली होत्या. हे प्रमाण राज्यातील सर्वांत कमी प्रमाणांपैकी होते. ह्या आकड्याच्या सान्निध्यात शेतातील लहान मुलांचे आवाज ही निव्वळ कल्पना राहत नाही. समाजाने केलेल्या अपराधाचे ते प्रतिध्वनी ठरतात. ज्यांच्याविरुद्ध अपराध घडला, ते परत येतात, हे भूतकथेचे आदिम सूत्र येथे पुन्हा प्रत्ययास येते.

भयाचे लक्ष्य : भयकथेच्या मूल्यमापनात तंत्राइतकाच महत्त्वाचा प्रश्न असा, की कथा वाचकाला कोणाची भीती घालते. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने साहित्यदर्पणात भयानक रस स्त्रिया व नीच प्रकृतीची पात्रे ह्यांच्या आश्रयाने राहतो, असे म्हटले; म्हणजे भ्यावयाचे ते दुर्बलांनी. लोकसमजुतीत बऱ्याचदा ह्याच्या उलट रचना आढळते : दुर्बलांचीच भीती बाळगली जाते. विधवा, निपुत्रिक, वृद्ध, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया हडळ वा चेटकीण ह्या रूपांत कथांतून येतात.

खानदेशाच्या संदर्भात हा प्रश्न केवळ साहित्यिक नाही. सातपुड्याच्या आदिवासी भागात गावातील आजार, मृत्यू किंवा गुरांचे मरण ह्यांचा ठपका एखाद्या स्त्रीवर ठेवून तिला ‘डाकीण’ ठरविण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली. अशा स्त्रियांना मारहाण, बहिष्कार, गावातून हकालपट्टी, प्रसंगी मृत्यूही भोगावा लागला. पश्चिम भारतातील भिल्ल प्रदेशातील ह्या हिंसेचा अभ्यास इतिहासकार अजय स्कारिया ह्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने नंदुरबार परिसरात ह्या प्रथेविरुद्ध प्रबोधन केले. समितीचे संस्थापक नरेंद्र दाभोलकर ह्यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुणे येथे हत्या झाली. त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. एखादी व्यक्ती करणी वा काळी जादू करते असे जाहीर करून तिचे जगणे असह्य करणे ह्या कायद्याने गुन्हा ठरले असून त्यास सहा महिने ते सात वर्षे कारावास व पाच ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे.

डाकिणीचा आरोप हीसुद्धा रचनेच्या दृष्टीने एक भयकथाच असते, आणि ती अत्यंत हलक्या दर्जाची असते. तीत दुःखाचे कारण शोधण्याऐवजी एक चेहरा शोधला जातो. द्विधा मनःस्थितीला क्षणभरही वाव नसतो. भगताने नाव सांगितले, की गोष्ट संपते. सवंग भयकथेची रचना नेमकी अशीच असते. कुरूप म्हातारी दिसली, की तीच दोषी, हे वाचकाने आधीच ओळखलेले असते आणि लेखक त्या ओळखीला दुजोरा देतो. वाचकाच्या मनात पूर्वीपासून असलेल्या भीतीला केवळ मान्यता देणारी कथा त्याला नवे काहीच देत नाही.

येथे सरसकट निषेधाची भूमिकाही टिकणारी नाही. भूत, चेटूक, शाप ह्यांना साहित्यातून हद्दपार केल्यास लोककथेचा मोठा भाग व कल्पनेचे एक समर्थ क्षेत्र गमवावे लागेल. रात्रीस खेळ चाले ही दूरचित्रवाणी मालिका २०१६ मध्ये सुरू झाली, तेव्हा ती अंधश्रद्धेस खतपाणी घालते, असा आक्षेप घेण्यात आला होता. अशा वादात भूत दाखविले की नाही, एवढाच प्रश्न विचारला जातो. परंतु निर्णायक प्रश्न तो नव्हे. अश्वत्थाम्याच्या कथेतही अतिनैसर्गिक अंश आहे. पण ती ऐकून कोणी शेजाऱ्यावर दगड उचलीत नाही. उलट, दाराशी आलेल्या अनोळखी माणसास ओंजळभर तेल देण्याचीच बुद्धी होते. ‘ग्रॅमा’ व तिच्यावर आधारलेली ‘आजी’ ह्या कथांचा विचारही ह्याच दृष्टीने करावा लागतो. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेजवळ एकट्या राहिलेल्या मुलाच्या मनातील घृणा, कर्तव्य व लाज ह्यांची गुंतागुंत हे ह्या कल्पनेचे कलात्मक बळ आहे. वृद्धा खरोखरच चेटकीण निघणे ही तिची मर्यादा आहे. तुंबाड चित्रपटाने ही मर्यादा काही अंशी ओलांडली. त्यातील शापग्रस्त वृद्धा भयंकर आहे, परंतु ती लोभाची बळीही आहे आणि तिला हवी आहे ती सुटका.

निकष : वरील विवेचनावरून सकस भयकथेची काही लक्षणे सांगता येतात. ती दाखविण्यापेक्षा सुचविते, मात्र सुचविण्याच्या मिषाने पोकळी झाकीत नाही; न दाखविलेल्या गोष्टीचे वजन लेखकास ठाऊक असावे लागते. तिच्यातील अतिनैसर्गिकाला स्वतःचे नियम असतात व ते सोयीप्रमाणे मोडले जात नाहीत. तिची भूमी विशिष्ट असते; कोणत्याही गावात, कोणत्याही वाड्यात घडू शकणारी भयकथा कोठेच घडत नाही. तिच्यात किळसेला दुय्यम स्थान असते. तिच्या भयाच्या मुळाशी एखादा अपराध, ऋण वा न फेडलेले दुःख असते. शेवटी, ती भयाचा निर्देश दुर्बलाकडे करून वाचकास निर्धास्त करीत नाही. ती तो वाचकाकडे वळविते. सवंग कथा वाचून झाल्यावर वाचक दाराबाहेर कोणी उभे नाही ना, हे तपासतो; चांगली भयकथा वाचल्यावर आपण कोणाला दाराबाहेर ठेवले आहे, हा विचार त्याच्या मनात येतो.

खानदेशाच्या बोलींतील भयविषयक कथांचे संकलन व त्यांचे कथनदृष्ट्या विश्लेषण होण्यास अद्याप बराच वाव आहे. ह्या कथा ‘अंधश्रद्धा’ म्हणून टाकून दिल्यास त्यांतील नैतिक आशय हरवतो आणि ‘परंपरा’ म्हणून निर्विवाद स्वीकारल्यास त्यांतील क्रौर्यावर पांघरूण पडते. चकव्यात सापडलेला शेतकरी, तेल मागणारा अश्वत्थामा आणि डाकीण ठरविलेली स्त्री ही तिन्ही एकाच डोंगररांगेच्या सावलीतील माणसे आहेत. ह्यांपैकी पहिल्या दोघांची गोष्ट सांगणारे अनेक झाले. तिसरीची गोष्ट तिच्या बाजूने सांगितली जाईल, तेव्हा ह्या प्रदेशाच्या भयकथेला तिचा सर्वांत गंभीर विषय लाभेल.